हवा आणि हवामान: फरक ओळखा, पेरणी आणि पिकाचे निर्णय वेगळे ठेवा

शाळेच्या भूगोलात दोन शब्द वेगळे शिकवले जातात. एखाद्या ठिकाणी, एखाद्या वेळी वातावरणाची जी स्थिती असते ती हवा. आज दुपारी ढग आले, वारा पडला, संध्याकाळी वीस मिनिटे वळीव कोसळला, ही झाली हवा. त्याच ठिकाणच्या हवेचा अनेक वर्षांचा स्वभाव म्हणजे हवामान. रोजच्या बोलण्यात मात्र आपण दोन्हींना हवामानच म्हणतो. टीव्हीवर ‘हवामान अंदाज’ सांगतात तो खरे तर हवेचा अंदाज असतो आणि ‘हवामान बदल’ म्हणतात तेव्हा विषय खऱ्या अर्थाने हवामानाचा असतो. एकाच शब्दाने दोन कामे केल्यामुळे शेतात बऱ्याचदा उलटसुलट निर्णय होतात. एका वर्षाच्या पावसावर फळबाग लावली जाते आणि सरासरी तारखेवर विसंबून कोरड्या रानात बियाणे टाकले जाते. या लेखात रोजच्या स्थितीला ‘हवा’ आणि दीर्घकाळच्या स्वभावाला ‘हवामान’ असेच म्हटले आहे.

गोठ्यातले उदाहरण घेतले तर फरक लगेच लक्षात येतो. गाय आज सकाळी किती दूध देईल हे चारा, पाणी, ऊन, माशा, धार काढणाऱ्याचा हात अशा अनेक गोष्टींवर ठरते. काल आठ लिटर, आज साडेसहा. पण खिलार गाय आणि संकरित होल्स्टिन गाय यांच्या संपूर्ण वेताच्या दुधात किती फरक पडेल हे कोणताही दूध उत्पादक आधीच सांगू शकतो. आजचे दूध ही हवा, वेताचे दूध हे हवामान. आज दूध कमी निघाले म्हणून कोणी गाय विकत नाही आणि जात चांगली आहे म्हणून आज चारा घातला नाही तरी चालेल असेही कोणी म्हणत नाही.

हवामान किती वर्षांचे धरायचे?

जागतिक हवामान संघटनेने त्यासाठी ३० वर्षांचा कालावधी ठरवला आहे. सध्या प्रमाण मानला जाणारा काळ १९९१ ते २०२० हा आहे. भारतीय हवामान विभाग पावसासाठी आणखी लांबचा, १९७१ ते २०२० असा ५० वर्षांचा काळ धरतो. त्यानुसार देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस ८७ सेंटिमीटर आहे. यापूर्वीच्या हिशेबात (१९६१ ते २०१०) तो ८८ सेंटिमीटर होता. म्हणजे ‘सरासरी’ ही दगडावरची रेघ नसते, दर दहा वर्षांनी ती नव्याने काढली जाते. बातमीत ‘यंदा १०६ टक्के पाऊस’ असे वाचले की तो कशाच्या १०६ टक्के, हे या आकड्यावरून कळते. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण, १०५ ते ११० म्हणजे सर्वसाधारणपेक्षा जास्त, ९० ते ९५ म्हणजे कमी आणि ९० च्या खाली अपुरा.

हा आकडा साऱ्या देशाचा आहे, तुमच्या शिवाराचा नाही. महाराष्ट्रातच हवामान विभागाचे चार उपविभाग आहेत आणि त्यांचा पावसाळी सरासरी पाऊस ढोबळमानाने असा आहे: कोकण-गोवा २,९०० मिलिमीटरच्या आसपास, विदर्भ ९४० च्या आसपास, मध्य महाराष्ट्र ७५०, मराठवाडा ६४०. त्यातही ‘मध्य महाराष्ट्र’ हा आकडा फारसा कामाचा नाही, कारण त्यात महाबळेश्वरही येते आणि माण तालुकाही. दोन्ही सातारा जिल्ह्यातच आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर घाटाच्या पूर्वेला पर्जन्यछायेतल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्री चढताना थंड होऊन बरसते आणि पलीकडे उतरताना हवा तापून कोरडी होते. हा फरक दरवर्षी असतो, कारण डोंगर जागचा हलत नाही.

म्हणूनच कृषी विद्यापीठे शिफारशी देताना जिल्हा न धरता कृषी हवामान विभाग धरतात. पाऊस, जमीन आणि पीकपद्धती यांच्या आधारे महाराष्ट्राचे असे नऊ विभाग पाडले आहेत. दक्षिण कोकणचा जांभ्या जमिनीचा जास्त पावसाचा पट्टा, उत्तर कोकण किनारपट्टी, पश्चिम घाट, घाटाच्या पूर्व उताराचा उपपर्वतीय पट्टा, पश्चिम महाराष्ट्राचा मैदानी पट्टा, अवर्षणप्रवण विभाग, निश्चित पावसाचा विभाग, मध्य विदर्भाचा मध्यम पावसाचा विभाग आणि भाताचा पूर्व विदर्भ. आपले गाव यातील कोणत्या विभागात येते हे कृषी सहायकाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला एकदा विचारून घ्यावे. बियाण्याच्या पिशवीवर किंवा वाणाच्या माहितीपत्रकात शिफारस पाहताना तेच नाव शोधायचे असते.

सोलापूरची ज्वारी: हवामान ओळखून बसवलेली पीकपद्धती

अवर्षणप्रवण विभागाचे उदाहरण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. सोलापूर परिसरात पावसाला दोन टप्पे असतात. पहिला जून-जुलैत, मग ऑगस्टमध्ये बऱ्याचदा मोठा खंड, आणि सप्टेंबरमध्ये दुसरा टप्पा. वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरचा. हा स्वभाव माहीत असल्यामुळेच तिथल्या भारी काळ्या रानात खरीप न घेता जमीन पावसाळाभर मोकळी ठेवतात, कुळवाच्या पाळ्या घालून पाणी मुरवतात आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रब्बी ज्वारी पेरतात. पीक पुढे जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. मोहोळ येथील निवडीतून आलेली मालदांडी ३५-१ ही जात याच पद्धतीशी जुळलेली म्हणून इतकी वर्षे टिकली.

बाहेरून पाहणाऱ्याला जूनमध्ये पाऊस पडूनही रान मोकळे ठेवणे हा आळस वाटेल. पण जूनच्या पावसावर पेरलेले पीक ऑगस्टच्या खंडात, म्हणजे नेमके फुलोऱ्यात किंवा दाणे भरताना सापडते. दहातली चार-पाच वर्षे असे होणार असेल तर खरीप सोडलेला परवडतो. हलक्या रानाचे गणित वेगळे. तिथे ओल साठतच नाही, त्यामुळे बाजरी, मटकी, हुलगा, तूर अशी खरिपाचीच पिके बरी. एका हवामानात दोन वेगळी उत्तरे येतात, कारण पाणी धरून ठेवणारी जमीन वेगळी आहे.

याची दुसरी बाजू जालना आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) भागातल्या मोसंबीने दाखवली. २०१२-१३ च्या दुष्काळात तिथल्या कित्येक बागा वाळल्या, शेतकऱ्यांना झाडे तोडावी लागली. मोसंबीचे झाड पंधरा-वीस वर्षे उभे राहायचे असते. त्याला लागणारे पाणी चांगल्या वर्षात मिळून चालत नाही, वाईटातल्या वाईट वर्षातही किमान झाड जगवण्यापुरते हवे. सलग दोन-तीन वर्षे विहीर भरलेली दिसली की बाग किंवा ऊस लावण्याचा मोह होतो. हा मोह म्हणजे हवेला हवामान समजणे. आमचे स्पष्ट मत असे की बहुवर्षायु पीक लावण्याआधी गेल्या तीस वर्षांतली सर्वांत कोरडी तीन वर्षे काढावीत, त्या वर्षी विहिरीला मे महिन्यात किती पाणी होते हे घरातल्या जाणत्या माणसांना विचारावे आणि मगच खड्डे घ्यावेत.

सरासरी पाऊस पुरेशी माहिती देत नाही

समजा एका महसूल मंडळात दहा वर्षांचा जून ते सप्टेंबरचा पाऊस मिलिमीटरमध्ये असा झाला: ४१०, ७९०, ५६०, ३८०, ९१०, ६२०, ४५०, ८४०, ५३०, ७१०. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्यक्षात तीस वर्षे घ्यावीत.) बेरीज ६,२००, सरासरी ६२०. आता हेच आकडे लहानाकडून मोठ्याकडे मांडा: ३८०, ४१०, ४५०, ५३०, ५६०, ६२०, ७१०, ७९०, ८४०, ९१०. सरासरीइतका किंवा जास्त पाऊस दहापैकी फक्त पाच वर्षे झाला. दहापैकी सात वर्षे मिळाला तो ५३० किंवा जास्त. आठ वर्षांची खात्री हवी असेल तर ४५० च धरावा लागतो.

कोरडवाहू शेतीचे नियोजन ६२० वर करणारा दर दोन वर्षांत एकदा तोट्यात जाण्याची तयारी ठेवतो. ५३० वर करणाऱ्याचा धोका बराच कमी होतो. या दोन आकड्यांमध्ये ९० मिलिमीटरचे अंतर आहे. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर पाणी, त्यामुळे ९० मिलिमीटर म्हणजे एकरी ३ लाख ६४ हजार लिटर. टँकरच्या भाषेत सांगायचे तर दहा हजार लिटरचे छत्तीस टँकर. सरासरीवर विसंबणे एवढे महाग पडू शकते.

पाऊस किती पडला याइतकेच तो किती दिवसांत पडला हेही महत्त्वाचे. हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस मानतो. तेच ६२० मिलिमीटर चाळीस दिवसांत पडले तर सोयाबीन उत्तम येईल. वीस दिवसांत पडले तर निम्मे पाणी नाल्याला जाईल आणि मधल्या खंडात पीक सुकेल. आकडा दोन्ही वर्षी ‘सर्वसाधारण’च दिसेल.

पेरणीची वेळ: हवामान आणि हवा दोन्ही लागतात

नक्षत्रांवर चालणारे पावसाचे पारंपरिक वेळापत्रक हे हवामानाचेच ज्ञान आहे. मृग साधारण ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २२ जूनच्या सुमारास. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, सप्टेंबरच्या अखेरीस लागणारा हस्ताचा पाऊस. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून प्रत्येक पंधरवड्याचा स्वभाव या नावांत साठवला गेला. (एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: नक्षत्र ताऱ्यांवरून ठरते, ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण जाण्यावरून. त्यामुळे साधारण ७२ वर्षांत नक्षत्राची तारीख एक दिवस पुढे सरकते.) पण मृग नक्षत्र लागले म्हणजे पाऊस आलाच असे नाही. पंचांग मृगाचा स्वभाव सांगते, यंदाचा मृग कसा जाईल हे सांगत नाही. मान्सूनच्या तारखांचेही तसेच. केरळात १ जून, मुंबईत ११ जून या दीर्घकालीन सरासरी तारखा आहेत.

२०२५ मध्ये काय झाले ते पाहा. मान्सून केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोहोचला. मुंबईसाठी हे आगमन नेहमीपेक्षा सोळा दिवस आधीचे होते. मेमध्येच शेते ओली झाली, ओढे वाहिले. मग मान्सूनची वाटचाल मेच्या अखेरीस थबकली ती जूनच्या मध्यानंतरच पुन्हा सुरू झाली. पेरणीची घाई करू नका, असे आवाहन तेव्हा कृषी विभागाने केले होते. मेच्या ओलीवर टाकलेले बियाणे उगवते, पण रोप दोन पानांवर असताना ऊन तापले आणि पंधरा दिवस पाऊस नसला की हलक्या रानात ते टिकत नाही. दुबार पेरणीत बियाणे आणि खताचा खर्च दुसऱ्यांदा होतो आणि वर चांगल्या वाणाचे बियाणे बाजारात मिळत नाही. ज्याच्याकडे पाणी आहे त्याचे नुकसान टळते, पण राज्यातली बहुतांश शेती कोरडवाहू आहे.

म्हणून सलग पावसाने ७५ ते १०० मिलिमीटरचा टप्पा ओलांडल्यावर, जमिनीत चार ते सहा इंच ओल गेल्यावर आणि वाफसा आल्यावरच पेरणी करावी, अशी शिफारस असते. या शिफारशीत हवामान आणि हवा दोन्ही आहेत. इतकी ओल असली की पुढचा आठ-दहा दिवसांचा खंड रोप सोसू शकते, हे हवामानाच्या अनुभवावरून कळते. आज वाफसा आहे का आणि पुढच्या पाच दिवसांत काय अपेक्षित आहे, हे हवेवरून. धूळपेरणी करणाऱ्यांनी तर हा हिशेब दुप्पट काळजीने करावा. कापूस-तुरीसारख्या पिकांना ती काही भागांत चालते, सोयाबीनला आम्ही ती सुचवणार नाही.

पाऊस लांबला तर उलटा प्रश्न येतो. मूग-उडीद जूनच्या अखेरीपर्यंत किंवा फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच पेरावेत, कारण त्यापुढे वाढीचे दिवस आणि उत्पादन दोन्ही घटतात. जुलैचा मध्य उलटल्यावर सोयाबीन-कपाशीचा हट्ट सोडून बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी यांकडे वळावे लागते. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने जिल्हानिहाय आपत्कालीन पीक आराखडे तयार आहेत. पाऊस दोन, चार, सहा आठवडे लांबला तर कोणते पीक, कोणता वाण, हे त्यात दिलेले असते. जूनमध्ये आकाशाकडे पाहत बसण्याआधी, मेमध्येच तो आराखडा वाचून ठेवलेला बरा.

अंदाज किती पुढचा, तेवढा त्याचा उपयोग वेगळा

वातावरण हे असे यंत्र आहे की त्यात सुरुवातीची छोटी चूक झपाट्याने वाढत जाते. म्हणून एखाद्या गावात नेमक्या कोणत्या दिवशी पाऊस पडेल, हे फार तर दहा-पंधरा दिवसांपलीकडे सांगता येत नाही. मोबाइलमधल्या काही अॅपवर तीस दिवसांचे, दिवसागणिक ढगांचे चित्र दिसते. त्यातल्या पहिल्या पाच दिवसांकडे लक्ष द्यावे. बाकीच्यावर फवारणीचा दिवस ठरवू नये.

ग्रामीण कृषी मौसम सेवेतून दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि त्यावर आधारित पीक सल्ला मिळतो. ‘मेघदूत’ अॅपवर तो मराठीत वाचता येतो. विजेच्या सूचनेसाठी ‘दामिनी’ अॅप आहे, ते शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावे. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यात दिवस नसतात, आठवडा सरासरीपेक्षा ओला की कोरडा एवढेच असते. वरखताचा हप्ता, आंतरमशागत, संरक्षित पाणी यांचे वेळापत्रक ठरवायला तो पुरतो. एप्रिलमध्ये आणि मेच्या अखेरीस हंगामाचा अंदाज जाहीर होतो. त्यावर पेरणीची तारीख ठरवता येत नाही, पण पिकांची आणि वाणांची वाटणी करताना तो जमेस धरावा.

बातम्यांतले शब्दही नीट वाचावेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के, त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा इशारा असताना आपल्या गावात थेंब पडला नाही, तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. शेजारच्या चारपैकी तीन गावे कोरडी राहणार, हेच त्याने सांगितलेले असते. यलो, ऑरेंज आणि रेड इशारे हे संभाव्य परिणामांवर ठरतात: लक्ष ठेवा, तयारीत राहा, कृती करा. काढणीला आलेले सोयाबीन किंवा सुकायला टाकलेला बेदाणा असेल, तर यलोलाच ऑरेंज समजणे शहाणपणाचे.

एल निनोविषयी दरवर्षी एप्रिलपासून चर्चा सुरू होते. प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा पूर्व आणि मध्य भाग नेहमीपेक्षा तापतो, त्याला एल निनो म्हणतात, आणि अशा वर्षी आपला मान्सून कमजोर राहण्याची शक्यता वाढते. शक्यता हा शब्द इथे महत्त्वाचा. १९९७ चा एल निनो गेल्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी होता, तरीही देशात १०२ टक्के पाऊस झाला. २००२ चा एल निनो मध्यम होता आणि पाऊस ८१ टक्क्यांवर अडकला, कारण एकट्या जुलै महिन्यातच पावसात मोठी तूट पडली. २०२३ मध्ये हंगामाचा पाऊस ९४ टक्के दिसतो, पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा होता. एल निनोच्या बातमीवर पेरणी सोडू नये. कमी कालावधीचा वाण, आंतरपिकात तुरीची ओळ, रुंद वरंबा-सरी पद्धत आणि शेततळ्यात राखीव पाणी, एवढी तयारी मात्र करावी. वरंबा-सरीचा फायदा दोन्हीकडून होतो: खंडात ओल टिकते, अतिवृष्टीत पाणी सरीतून निघून जाते.

पंधरा दिवसांपुढचे कळत नाही, मग तीस वर्षांपुढचे कसे सांगतात?

हा प्रश्न शेतकरी मेळाव्यांत हमखास विचारला जातो आणि तो योग्यही आहे. उत्तर पुन्हा गोठ्यात आहे. पुढच्या महिन्याच्या १७ तारखेला गाय किती दूध देईल हे सांगता येत नाही, पण खुराक निम्मा केला तर वेताचे दूध घटणार, हे सांगता येते. एकेका दिवसाचा अंदाज आणि खुराक बदलल्याचा परिणाम हे वेगळे प्रश्न आहेत. वातावरणात कार्बन डायऑक्साइडसारखे उष्णता धरून ठेवणारे वायू वाढणे हा खुराकातला बदल आहे.

भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले आहे. एवढ्याशा वाढीने काय होते, असे वाटणे साहजिक आहे. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे बरसते तेव्हा जोरात बरसते आणि उघडीप असते तेव्हा तापलेली हवा जमिनीतली ओलही जास्त ओढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. एकूण पावसात तेवढी वाढ झालेली नाही. शेतकऱ्यांना जाणवते तेही हेच: दिवस कमी, धारा मोठ्या.

तरीही एखादी घटना घडली की लगेच ‘हवामान बदलले’ म्हणण्याची घाई नको. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट भीषण होती, गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंब सारे झोडपले गेले. पण गारपीट या हंगामात महाराष्ट्राला नवी नाही. ती पूर्वीपेक्षा वारंवार होते का, हे तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींवरून ठरते, एका वर्षाच्या आठवणीवरून नाही. मार्च २०२२ चे उदाहरण वेगळे आहे. देशाच्या कमाल तापमानाच्या सरासरीत तो १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गहू दाणे भरण्याच्या अवस्थेत होता, दाणा चिंबला आणि मे महिन्यात केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. उष्ण मार्चची शक्यता तापमानवाढीमुळे वाढते आहे, म्हणून महाराष्ट्रातही गव्हाची वेळेवर पेरणी आणि उष्णता सोसणारे वाण हा आता हवामानावर आधारित निर्णय झाला आहे. द्राक्षातही फळछाटणीची तारीख मागेपुढे करून पोंगा आणि फुलोरा ऑक्टोबरच्या पावसातून वाचवण्याचा प्रयत्न बागायतदार करतातच. छाटणीचा पंधरवडा हवामानावर ठरवायचा, आणि केवड्यासाठी फवारणी उद्या सकाळी घ्यायची की नाही, हे हवेवर.

विमा आणि नुकसानभरपाई

पैशाचा थेट संबंध इथे येतो. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत जोखमीचा हिशेब मागच्या अनेक वर्षांच्या नोंदींवर, म्हणजे हवामानावर होतो. भरपाई मात्र त्या वर्षीच्या हवेवर, ठरलेल्या कालावधीत ठरलेली मर्यादा ओलांडली की मिळते. नोंद तुमच्या बागेतली धरली जात नाही, संदर्भ हवामान केंद्रातली धरली जाते. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित केंद्रे आहेत. आपले केंद्र कुठे आहे, ते सुरू आहे का, त्याभोवती झाडे किंवा इमारत आली आहे का, हे विमा भरण्याआधी पाहावे. हंगाम संपल्यावर तक्रार करून उपयोग होत नाही.

अतिवृष्टीच्या शासकीय मदतीसाठी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरचा निकष पाहिला जातो. हे २४ तास मध्यरात्री सुरू होत नाहीत. पावसाची नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी होते. ९ तारखेच्या रात्री कोसळलेला पाऊस १० तारखेच्या नावावर दिसतो. अर्जात तारीख लिहिताना आणि नोंद तपासताना हे लक्षात ठेवावे.

स्वतःच्या शेताची नोंद

मंडळाचे केंद्र आठ-दहा किलोमीटरवर असते आणि वळिवाचा पाऊस बांधाबांधावर बदलतो. म्हणून शेतात साधा पर्जन्यमापक असावा. तो उघड्या जागी, झाडापासून आणि छपरापासून झाडा-छपराच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतरावर लावावा. रोज सकाळी साडेआठलाच मोजावा, म्हणजे आपला आकडा मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. वहीत तारीख, मिलिमीटर आणि एक ओळ: पेरणी, खंड, फुलोरा, कीड, काढणी. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये. कोरी जागा दिसली की पाऊस नव्हता की मोजायचे राहिले, हे पुढच्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही.